पेन्सिलीतली अडतीस मिनिटं

बाबांच्या नोकरीतली शेवटची नोंद माझ्या हातची आहे. छापील तक्ता, चार रकाने : तारीख, वेळ, ध्वनीची स्थिती, कारण. तारीख घातली. वेळेत लिहिलं, १२.४१ ते १.१९. स्थितीत लिहिलं, आवाज नाही. चौथ्या रकान्यात लिहिलं, चालकाचा निष्काळजीपणा. खाली सही केली, शिक्का मारला. चौथा रकाना रिकामा ठेवता आला असता. कित्येक तक्त्यांत तो रिकामाच असतो आणि त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नाही.

यंत्राचा चालक म्हणजे माझे वडील.

एकतीस वर्षं ते न्यायालयात लघुलेखक होते. साक्षीदार बोलेल ते शब्दन् शब्द शॉर्टहँडमध्ये उतरवायचं आणि मग टाइप करून द्यायचं, हे त्यांचं काम. इमारतीत त्यांना सगळे पेन्सिलमास्तर म्हणत. शाईला ते हात लावत नसत. शाई विचार करते, पेन्सिल करत नाही, असं त्यांचं मत होतं. रोज सकाळी सहा पेन्सिली दोन्ही टोकांना तासून डाव्या खिशात. उन्हाळ्यात आईला त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाला आतून दुहेरी कापड लावावं लागे, आणि ती म्हणायची, "माणसाशी लग्न केलं होतं, हा साळिंदर कुठून आला."

मग रेकॉर्डर आला. प्रत्येक दालनात पाच मायक्रोफोन : एक न्यायाधीशांपुढे, एक साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, दोन वकिलांच्या टेबलांवर, एक नोंद ठेवणाऱ्यापुढे. प्रत्येकाचा आवाज वेगळा साठतो, त्यामुळे नंतर हवा तो एकच आवाज बाजूला काढून ऐकता येतो. ते ध्वनिमुद्रण तिसऱ्या मजल्यावर आमच्या खोलीत येतं. तिथे आम्ही सहाजणी कानाला हेडफोन लावून, पायाखालचा पेडल दाबत आणि सोडत, त्याची लेखी प्रत करतो. त्या खोलीची प्रमुख मी. शॉर्टहँड बंद करून ध्वनिमुद्रण हीच मूळ नोंद मानावी, असा जो अहवाल वर गेला तोही मीच लिहिला होता. चांगला अहवाल होता. त्यातली वाक्यं मला अजून पाठ आहेत, आणि हल्ली तोच त्रास आहे.

बाबांना त्याच दालनात, त्याच टेबलापाशी, यंत्राजवळ बसवलं. आता त्यांनी फक्त नोंदपत्रक भरायचं : कोण बोलायला उभं राहिलं, किती वाजता, अवघड नाव कसं लिहायचं. साक्षीदाराने नुसती मान हलवली तर त्याला तोंडाने बोलायला सांगायचं, कारण यंत्राला मान दिसत नाही. पण शॉर्टहँडची वही त्यांनी सोडली नाही. नोंदपत्रक एका बाजूला, वही दुसऱ्या बाजूला. मी म्हटलं, "बाबा, दोनदा कशाला लिहिता? यंत्र आहे ना."

"यंत्र त्याचं काम करतंय. मी माझ्या हाताला फिरायला नेतो," ते म्हणाले.

घरी मी त्यांना बाबा म्हणायची. इमारतीत ते मला चारचौघांत मॅडम म्हणायचे, डोळ्यांत हसू ठेवून. जिन्यात भेटले की बाजूला होऊन वाट द्यायचे. माझ्या खोलीतल्या बायकांना त्याची फार मजा वाटे.

आमचा वाद एकाच गोष्टीवरून व्हायचा. लेखी प्रतीत शांतता लिहायची नाही, असा नियम मी केला होता. कोणी दहा सेकंद थांबलं, तर ते थांबणं अर्थाचं आहे की चष्मा शोधण्याचं, हे टाइप करणारीने ठरवू नये. शब्द तेवढे लिहा. बाबांच्या वह्यांत मात्र शांततेला खूण होती : एक लहान शून्य. लांब शांततेला दोन. ती प्रत करताना ते कंसात लिहीत, 'साक्षीदार थांबतो.'

"थांबण्याचा पुरावा काय?" मी विचारायची.

"मी तिथे होतो," ते म्हणायचे.

आता त्या रविवारचं सांगितलं पाहिजे. आईचा वाढदिवस होता, धाकटी मावशी आणि काका जेवायला आले होते. हसायला काहीतरी हवं म्हणून मी कामावरची गंमत सांगितली. त्या आठवड्यात घटस्फोटाच्या एका खटल्याची प्रत माझ्याकडे होती. सुनावणीत नवरा-बायको एकमेकांची सालटी काढत होते. मग दहा मिनिटांची सुट्टी झाली. सुट्टीत यंत्र बंद करायचं नाही, असा माझ्याच अहवालातला नियम, कारण बंद केलं की सुरू करायला विसरतात. सगळे उठून गेले, ती दोघं तिथेच बसली होती, आणि मायक्रोफोन चालू. नवरा हळूच विचारतो, "माझा तो निळा स्वेटर सापडत नाहीये गं." आणि बायको म्हणते, "वरच्या कप्प्यात बघ. उशांच्या मागे. तुला कधी काही सापडलंय का." मी दोघांचेही आवाज काढून दाखवले. काकांना ठसका लागला. आई डोळे पुसत हसत होती.

बाबा हसले नाहीत. ताटावरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "सुट्टीतलं तुला ऐकू येतं?"

"सगळंच येतं. लिहीत नाही आम्ही ते."

"त्यांना ठाऊक आहे?"

"मायक्रोफोनवर लाल दिवा असतो, बाबा."

"दिवा साक्षीसाठी आहे," ते म्हणाले. "स्वेटरसाठी नाही."

मावशीने विषय बदलला. मी तो विसरले.

नंतर चार महिन्यांनी ती सुनावणी झाली. एक म्हातारी बाई, तिने आपलं राहतं घर बक्षीसपत्राने भाचीच्या नावावर केलं होतं. भाची अकरा वर्षं तिच्याजवळ राहत होती, तिचं सगळं करत होती. म्हातारीच्या नवऱ्याच्या पुतण्याने दावा लावला की काकूची बुद्धी ठिकाणावर नाही, सही फसवून घेतली. म्हातारी साक्षीला आली. भाची तिला मावशी म्हणायची, त्यामुळे दालनातले सगळेच मावशी म्हणू लागले, न्यायाधीशसुद्धा. सुट्टीआधी नाव, वय, नातीगोती झाली. १२.४१ ला कामकाज पुन्हा सुरू झालं, आणि बक्षीसपत्राबद्दल जे विचारायचं ते सगळं त्यानंतर विचारलं गेलं. १.१९ ला बाबांनी नोंदपत्रकात वेळ घालायला मान वर केली, तर यंत्रावरचा दिवा पिवळा. म्हणजे आवाज थांबवलेला.

त्यांनी उभं राहून सांगितलं, "साहेब, यंत्र बंद होतं. चूक माझी."

मावशी दमल्या होत्या. न्यायाधीशांनी पुढच्या आठवड्याची तारीख दिली, साक्ष पुन्हा घेऊ म्हणाले. चौथ्या दिवशी मावशी झोपेत गेल्या.

त्या सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मावशी अजून हयात होत्या तेव्हा, बाबा माझ्या खोलीत आले. तिसऱ्या मजल्यावर ते सहसा येत नसत, गुडघा दुखायचा. हातात वही. "यात सगळं आहे," ते म्हणाले. "तासाभरात वाचून देतो. तू टाइप कर, मी शपथेवर सही करतो."

खोलीतल्या पाचही जणींचे पेडल थांबले होते. मला ते न बघता कळलं. मुलगी बापाची चूक झाकते, असं दुपारपर्यंत खालच्या मजल्यावर गेलं असतं. आणि खरं सांगायचं तर मला रागही आला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याने यंत्राचा राग यंत्रावर काढला, आणि आता वही घेऊन जिंकायला आलाय.

"बाबा, वही आता नोंद धरत नाहीत," मी म्हटलं. "नियम तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी वही बगलेत धरली. मग म्हणाले, "बरं, मॅडम." या वेळी डोळ्यांत काही नव्हतं.

चौकशीत त्यांना विचारलं की यंत्राला हात का लावला. त्यांनी उत्तर दिलं, "चूक झाली." तीनदा विचारलं, तीनदा तेच. माझा तक्ता चौकशीला जोडला गेला. निवृत्तीला तीन महिने होते, ते त्यांना घरी काढायला सांगितलं. समारंभ झाला नाही. खिशातल्या सहा पेन्सिली घेऊन ते जिन्याने उतरले, मी वर प्रती तपासत होते.

पुढचे चौदा महिने आम्ही एका घरात राहिलो, एका टेबलावर जेवलो, वर्तमानपत्राची पानं वाटून वाचली. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटलं असतं. एकदाच, खिडकीशी उभे राहून त्यांनी विचारलं, "त्या मावशींच्या भाचीचं काय झालं?"

"हरली. पुरावा नव्हता."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि कोडं सोडवायला बसले. मार्चमध्ये, एका सकाळी, दाढी करता करता ते गेले.

पाच आठवड्यांनी भाची मला भेटायला आली. चाळिशीतली बाई, कापडी पिशवी पोटाशी धरून बसलेली. तिने अपील केलं होतं. घर रिकामं करायला स्थगिती होती ती अपिलाच्या निकालापर्यंतच. तिचा वकील म्हणाला होता की त्या वेळी कोणी काही लिहून घेतलं असेल तर वरचं न्यायालय बघेल.

"ते पेन्सिलवाले काका लिहीत होते," ती म्हणाली. "मी समोरच बसले होते, मॅडम. यंत्र बंद असेल, पण त्यांचा हात थांबला नव्हता. ते कुठे भेटतील?"

"ते वारले."

तिने पिशवी मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "अरेरे. चांगले होते हो. मावशीला पिंजऱ्यात खुर्ची त्यांनीच आणून दिली होती." आणि जरा वेळाने, "मग झालंच म्हणायचं."

"वही असेल," मी म्हटलं. "बघते."

तोवर मी त्यांची मुलगी आहे हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती खुर्चीतून अर्धी उठली, आणि कशासाठी उठले हे न सुचून परत बसली.

वही कपाटात होती, वरच्या कप्प्यात. आई दारात उभी राहून बघत होती.

"तुला ठाऊक होतं ही इथे आहे?" मी विचारलं.

"दर महिन्याला धूळ मी पुसते. मला ठाऊक नसेल?" आई म्हणाली. "तू मागितली नाहीस, त्यांनी दिली नाही. दोघंही एकाच मातीचे. मी मध्ये पडले असते तर दोघांनी मिळून मला गप्प केलं असतं."

शॉर्टहँड मला बाबांनीच शिकवलं होतं, मी अकरा वर्षांची असताना. शाळेला सुट्टी असली की ते वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचायचे आणि मी उतरवायची. त्यामुळे वही मला वाचता येत होती. पण दर लघुलेखकाची काही आखूड रूपं त्याची स्वतःची असतात. वर्षानुवर्षांत घासून घासून झालेली, एखाद्या लांब वाक्याची एकच रेघ. ती दुसऱ्या कोणाला लागत नाहीत. मी तीन रविवार सकाळी चहाचा कप बाजूला ठेवून बसत गेले. मावशी हळूहळू बोलू लागल्या.

पुतण्याचा वकील विचारतो, तुम्हाला भाचीने शिकवून पाठवलंय का? मावशी म्हणतात, मला शिकवणारी अजून जन्मायची आहे. तो विचारतो, सही करताना कागदात काय होतं ते कळलं होतं का? मावशी म्हणतात, चष्मा लावून दोनदा वाचला, त्यात घराची दिशा चुकवली होती, ती दुरुस्त करून घेतली, तुमच्याकडच्या प्रतीत बघा, खाडाखोड माझ्या हातची आहे. तो विचारतो, पुतण्याला का नाही दिलं? इथे दोन शून्यं आहेत. दोन, एकाशेजारी एक. मग मावशी म्हणतात, तो वर्षातून एकदा येतो. आला की माझ्याशी बोलताना भिंतींकडे बघतो.

मी त्या शून्यांपाशी बराच वेळ बसले. म्हातारी थांबली होती, बाबा तिथे होते.

अकरा जागा मला लागल्या नाहीत. अकरा ठिकाणी त्यांची एकेक वळलेली रेघ, आणि ती वाचणारा एकच माणूस, जो चौदा महिने शेजारच्या खोलीत कोडी सोडवत होता.

आणि पानाच्या वर, जिथे सुट्टी सुरू होते, तिथे समासात सहा शब्द होते : 'सुट्टी. मावशी भाचीशी बोलतात. यंत्र थांबवले.' त्याखाली पेन्सिलही थांबलेली होती. दोन बोटं कोरी जागा. मग १२.४१, आणि पुन्हा भरधाव लिहिणं. मला त्यांचा हात दिसला. एकतीस वर्षं नोंद म्हणजे त्यांच्या हाताची हालचाल. हात चालू झाला, म्हणजे नोंद चालू झाली. बटण दाबायचं राहिलंय असं त्या हाताला वाटण्याचं काही कारणच नव्हतं.

मी आधीच्या वह्या काढल्या. प्रत्येक सुट्टीच्या जागी तेच : यंत्र थांबवले, यंत्र सुरू केले. चार महिने, दिवसाला दोनदा, न चुकता. मागे मागे जात मी पहिली नोंद शोधली. ती सोमवारची होती. आईच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसाची.

चौकशीत तीनदा विचारलं होतं, यंत्राला हात का लावला. खरं उत्तर दिलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता : सुट्टीतलं बोलणं बाहेर जातं हे तुम्हाला कोणी सांगितलं? न्यायालयाच्या ध्वनिमुद्रणातलं एक अक्षर बाहेर काढणं म्हणजे नोकरी जाणं. मीच तो नियम माझ्या खोलीच्या भिंतीवर लावलेला आहे, चौकटीत.

वरच्या न्यायालयाने माझी साक्ष घेण्याचं काम आमच्याच इमारतीतल्या न्यायाधीशांकडे सोपवलं. वही वाचणारी म्हणून मला शपथेवर सांगायचं होतं की मी काय वाचलं आणि वही कुठून आली. आदल्या दिवशी निबंधकांनी बोलावून घेतलं. इमारतीचं सगळं कामकाज त्यांच्या हाताखाली चालतं. भला माणूस, मला त्यांनीच वर आणलं होतं.

"वडिलांच्या पश्चात कपाटात सापडली, एवढंच म्हणा," ते म्हणाले. "खोटंही नाही ते."

"नाही, खोटं नाही."

"बाकी उगाळत बसू नका. तुमच्या सहीचे हजारो कागद बाहेर आहेत. एकावर शंका आली की उद्या सगळे वकील रांग लावतील. आणि गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?"

मी "बघते" म्हणून उठले. भाचीलाही मी हेच म्हटलं होतं, म्हणून जिना उतरताना माझीच मला लाज वाटली.

दालन तेच होतं. पिंजऱ्यात मी प्रथमच उभी होते. तिथून बाबांची खुर्ची थेट समोर दिसते, हे मला माहीत नव्हतं. तिच्यावर आता तिशीतली एक बाई बसते. तिने माझ्याकडे बघून ओळखीचं हसू दाबलं, आणि दिवा लाल केला.

वाचून झालं. अकरा जागी मी म्हटलं, "इथे वाचता येत नाही." भाची मागच्या बाकावर पिशवी धरून बसली होती. भिंतींकडे बघणाऱ्या वाक्याला ती हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला.

पुतण्याचा वकील उठला. "तुमच्या वडिलांवर ठपका होता. बरोबर?"

"बरोबर."

"त्यांना घरी बसावं लागलं. वेळ भरपूर. पेन्सिल हाताशी. ही वही त्यांनी घरी बसून लिहिली, स्वतःची चूक भरून काढायला. मग कपाटात ठेवली. असंच ना?"

मी मान हलवली.

"मॅडम, तोंडाने बोला," समोरची बाई हळूच म्हणाली. "मान नोंदली जात नाही."

"नाही," मी म्हटलं.

न्यायाधीशांनी विचारलं, "वही त्याच दिवशीची आहे, हे तुम्ही कशावरून सांगता?"

मला उत्तर माहीत होतं. ते सांगितल्याशिवाय वही म्हणजे एका दुखावलेल्या म्हाताऱ्याची रचना ठरत होती, आणि भाचीचं घर जात होतं. कपाटात सापडली, एवढ्याने काही होणार नव्हतं. समोर ती खुर्ची होती. दिवा लाल होता. पंखा फिरत होता. किती वेळ गेला मला सांगता येत नाही. कोणीतरी खाकरलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी ते ही वही घेऊन माझ्याकडे आले होते," मी म्हटलं. "तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा मावशी जिवंत होत्या. तासाभरात वाचून देतो म्हणाले. माझ्या खोलीतल्या पाचजणींनी ऐकलं आहे. मी वही घेतली नाही."

"का?"

"नियम होता."

"नियम कोणी केला?"

"मी."

वकील म्हणाला, "तरी यंत्र त्यांनीच बंद केलं. निष्काळजीपणा, हा शब्द तुमचाच आहे."

"शब्द माझा आहे. तो चुकीचा आहे." मग मी रविवारचं सांगितलं. निळा स्वेटर हे शब्द मी उच्चारले नाहीत, पुन्हा तीच चूक नको म्हणून. सुट्टीतलं दोन माणसांचं बोलणं मी घरी सांगून हसले, वडिलांनी ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ते सुट्टीत यंत्र थांबवू लागले, एवढं सांगितलं. "आधीच्या वह्या मी आणल्या आहेत," मी म्हटलं. "तारखा बघता येतील."

निबंधक दाराशी उभे होते. ते पाठ फिरवून निघून गेले.

अपिलाचा निकाल भाचीच्या बाजूने लागला. वहीतल्या त्या खाडाखोडीच्या वाक्यामुळे : मूळ बक्षीसपत्र काढून बघितलं, तर घराची दिशा खरोखर म्हातारीच्या अक्षरात दुरुस्त केलेली होती. माझी बदली खालच्या मजल्यावर, जुनी प्रकरणं बांधून ठेवण्याच्या विभागात झाली. तक्त्यातला चौथा रकाना बदलून मिळावा म्हणून मी अर्ज केला. उत्तर आलं की चौकशी संपलेली असून संबंधित कर्मचारी हयात नसल्याने दुरुस्तीची आवश्यकता वाटत नाही.

भाची एकदा घरी येऊन गेली. आईशी बराच वेळ बोलत बसली, दोघींचं चटकन जमलं. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाली, "ताई, त्या दिवशी सुट्टीत मावशी मला काय म्हणाली, सांगू? तुमच्या बाबांनी ज्यासाठी यंत्र थांबवलं ते?"

मला ऐकायचं होतं. त्यावरच तर सगळं गेलं होतं : त्यांचे तीन महिने, त्यांचा समारंभ, आमची चौदा महिन्यांची जेवणं.

"नको," मी म्हटलं.

तिने क्षणभर बघितलं, मान हलवली आणि जिना उतरून गेली.

मागच्या आठवड्यात माझ्याच साक्षीची लेखी प्रत आमच्या विभागात बांधायला आली. माझ्या जुन्या खोलीतल्या कोणीतरी केलेली, मी शिकवलेल्या पद्धतीने, एक चूक नाही. मी ते पान काढून वाचलं. न्यायाधीश विचारतात, हे तुम्ही कशावरून सांगता. लगेच खालच्या ओळीत माझं उत्तर सुरू होतं. मध्ये काही नाही. वाचणाऱ्याला वाटेल, बाई ठाम आहे, विचारल्याबरोबर बोलली. खिशातून पेन्सिल काढली होती, त्यांचीच, दोन्ही टोकांना तासलेली. पण न्यायालयाच्या कागदावर आपल्या हाताने काही लिहायचं नसतं. मी पान परत जागेवर ठेवलं आणि गठ्ठा बांधला.